दोन डॉलर आणि एक खोली: सॅन फ्रान्सिस्कोतल्या ‘प्रॉप’ कार्यक्रमाचं प्रकरण

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने २००३ साली मेथॅम्फेटामाइन (थोडक्यात ‘मेथ’) या उत्तेजक अमली पदार्थाच्या व्यसनात सापडलेल्या समलिंगी आणि उभयलैंगिक पुरुषांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. ‘पॉझिटिव्ह रीइन्फोर्समेंट ऑपॉर्च्युनिटी प्रोजेक्ट’ हे त्याचं लांबलचक नाव, पण सगळे त्याला ‘प्रॉप’ म्हणतात. पद्धत अशी: आठवड्यातून तीनदा यायचं, लघवीचा नमुना द्यायचा, आणि त्यात मेथ सापडलं नाही तर तिथल्या तिथे छोटं बक्षीस घेऊन जायचं. असं बारा आठवडे. सुरुवात दोन डॉलरने, मग रक्कम हळूहळू वाढत जाते. एकही तपासणी न चुकवता आणि एकदाही नशा न करता बारा आठवडे काढले तर एकूण ३३० डॉलरच्या आसपास हाती येतात, तेही रोख नाही, दुकानात चालणाऱ्या कार्डाच्या रूपात.

व्यसनमुक्तीच्या कामात असलेल्यांना हे पहिल्यांदा ऐकताना बहुधा खटकतं. नशा न करण्याचे पैसे द्यायचे? घरदार, नोकरी, तब्येत पणाला लागलेली असताना जो थांबत नाही, तो दोन डॉलरसाठी थांबेल? हे प्रश्न रास्त आहेत आणि पुढे त्यांची उत्तरं येतील. पण माझ्या मते या प्रकरणात बक्षिसाइतकीच महत्त्वाची आहे ती बक्षीस मिळण्याची जागा. ती कुणी चालवली आणि तिथे येणाऱ्याला काय काय बोलता आलं, हे समजून घेतल्याशिवाय नुसता हिशेब उचलून आणला तर तो चालत नाही. तसं झाल्याचं उदाहरणही याच प्रकरणात आहे.

हे व्यसन इथेच का रुजलं

मेथ मेंदूत डोपामिन या सुखाची जाणीव देणाऱ्या रसायनाचा लोंढा सोडतं. झोप, भूक, थकवा, संकोच सगळं बाजूला पडतं आणि हा अंमल कित्येक तास टिकतो. उतरताना त्याच प्रमाणात सगळं उलटतं. सलग जागरणाचा शीण, निराशा, संशय, कधी कधी भास. दारू किंवा अफूवर्गीय नशेसाठी मदत करणारी औषधं आहेत. मेथच्या व्यसनासाठी अमेरिकेच्या औषध नियामकाने मान्यता दिलेलं एकही औषध नाही. २०२१ साली निष्कर्ष आलेल्या, ४०३ जणांवरच्या एका मोठ्या चाचणीत नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि ब्युप्रोपियॉन ही दोन औषधं एकत्र देऊन पाहिली, तेव्हा प्रतिसाद मिळाला १३.६ टक्क्यांना. औषधाशिवायच्या गटात तो २.५ टक्के होता. म्हणजे फायदा खरा, पण बहुसंख्य रुग्ण त्याबाहेरच राहिले. मेथच्या बाबतीत माणसाचं वागणं बदलायला मदत करणं हाच आजही मुख्य उपचार आहे.

आता शहराकडे पाहू. अमेरिकेत कित्येक दशकं समलिंगी माणसांना एकमेकांना भेटायला बारखेरीज जवळजवळ जागाच नव्हती. त्यामुळे ओळख, मैत्री, प्रेम आणि नशा या गोष्टी एकाच छताखाली वाढल्या. मग १९८१ मध्ये एड्सच्या पहिल्या नोंदी झाल्या. परिणामकारक संयुक्त औषधोपचार १९९६ मध्ये आले. मधल्या काळात कॅस्ट्रो या शहरातल्या समलिंगी वस्तीत लोकांनी आठवड्यामागून आठवडे अंत्यविधी पाहिले. जे वाचले त्यांच्यातल्या अनेकांच्या अंगात विषाणू होता, औषधांचा थकवा होता, आणि जवळची माणसं उरलेली नव्हती. अशा माणसाला मेथ दोन-चार तासांत उमेद देतं, शरीराची लाज घालवतं, भीतीशिवाय शरीरसंबंध शक्य करतं. हे आकर्षण समजून न घेता ‘चैनीपायी बिघडले’ असं म्हणणाऱ्याला या माणसांची मदत करता येणार नाही, असं मला ठामपणे वाटतं.

मानसशास्त्रज्ञ इलान मेयर यांनी २००३ मध्ये याची सविस्तर मांडणी केली. सतत नाकारलं जाण्याची भीती, स्वतःला लपवून जगणं आणि समाजाचा तिरस्कार स्वतःच्याच मनात मुरणं, हा अल्पसंख्याक माणसावर रोजच्या ताणाच्या वरचा जादा ताण असतो, आणि तो तब्येतीवर दिसतो. समलिंगी असणं हे व्यसनाचं कारण नाही. बहुसंख्य समलिंगी पुरुष मेथला कधी हातही लावत नाहीत. पण जे लावतात त्यांच्या व्यसनाची गुंतागुंत निराळी असते.

ती अशी. मेथ आणि शरीरसंबंध या लोकांच्या आयुष्यात एकमेकांत इतके गुंतलेले असतात की एक सोडायचं तर दुसऱ्याचं काय, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा राहतो. नशा सोडली की मित्रांचा कंपू जातो, भेटीगाठींची ॲप्स बंद करावी लागतात, वीकेंड रिकामा होतो. नशेशिवाय जवळीक साधता येईल का, ही भीती वेगळीच.

असा माणूस सर्वसाधारण व्यसनमुक्ती केंद्रातल्या गटात बसला तर काय होतं ते पाहा. समुपदेशक विचारतो, तलफ केव्हा येते? तो म्हणतो, शनिवारी रात्री, एकटा असलो की. इथे तो थांबतो. पुढची गोष्ट, म्हणजे ॲपवर कुणाचा मेसेज येतो, त्यात कोणता शब्द असतो, कोणाच्या घरी जातो, तिथे काय होतं, ही त्या खोलीत काढायची सोय नसते. बाकीचे काय म्हणतील, रात्री याच माणसांबरोबर वॉर्डात झोपायचंय, हे त्याच्या डोक्यात असतं. समुपदेशक अर्ध्या माहितीवर योजना आखतो: शनिवारी भावाकडे जा, सिनेमा बघ. योजना फसते, आणि कागदावर ‘रुग्णाचं सहकार्य नाही’ असा शेरा पडतो.

हिशेब कसा चालतो

बक्षिसाची कल्पना सॅन फ्रान्सिस्कोची नाही. व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कोकेनच्या रुग्णांसाठी ती बांधली. पहिल्या स्वच्छ, म्हणजे नशा न सापडलेल्या, नमुन्याला २.५० डॉलरचं व्हाउचर. पुढच्या प्रत्येक सलग स्वच्छ नमुन्याला १.२५ डॉलर जास्त. सलग तीन स्वच्छ आले की वर १० डॉलर. नमुन्यात नशा सापडली किंवा माणूस आलाच नाही, तर रक्कम पुन्हा २.५० वर. आठवड्याला तीन याप्रमाणे बारा आठवड्यांचे ३६ नमुने सगळे स्वच्छ निघाले तर बेरीज होते ९९७.५० डॉलर.

यातली खुबी चढत्या पायऱ्यांत आहे. दहावा नमुना स्वच्छ देणाऱ्यापाशी गमावण्यासारखं काहीतरी जमा झालेलं असतं. एकदा स्लिप झाली, म्हणजे पुन्हा नशा घेतली, तर फक्त त्या दिवसाचे पैसे जात नाहीत, चढलेली शिडी उतरावी लागते. आणि तरी कुणी ओरडत नाही, कुणी हाकलत नाही. परवा पुन्हा या, पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू. शिक्षेवर चालणाऱ्या केंद्रांपेक्षा हा फार मोठा फरक आहे.

दुसरी गोष्ट तात्काळपणाची. नशेचं बक्षीस मिनिटांत मिळतं, सोडल्याचं बक्षीस महिन्यांनी. यकृत सुधारेल, कर्ज फिटेल, नाती जुळतील, हे सगळं खरं असलं तरी तलफ लागलेल्या माणसाच्या मनाला ते फार लांबचं असतं. नमुना दिल्यावर काही मिनिटांत निकाल आणि लगेच हातात कार्ड, एवढं झालं तर आजच्या दिवशी न घेण्याला आजच काहीतरी अर्थ येतो. निकाल प्रयोगशाळेतून आठवड्याने आला तर ही सगळी योजना कोलमडते.

आठवड्यातून तीनदा का, यालाही कारण आहे. मेथचा अंश लघवीत साधारण दोन ते तीन दिवस सापडतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी तपासणी ठेवली की मधे घेऊन निसटायला फट उरत नाही. आठवड्यातून एकदाच तपासलं तर माणूस मंगळवारी घेऊन पुढच्या सोमवारी स्वच्छ दिसेल, आणि त्याला बक्षीस देऊन आपणच चुकीची गोष्ट पक्की करू. व्हायचं असेल तर वीकेंडला होतं, आणि सोमवारची तपासणी त्याच्या लगेच पाठीवर असते. या वेळापत्रकामागे असा विचार आहे.

लॉस एंजेलिसमध्ये स्टीव्ह शॉपटॉ यांच्या गटाने हीच पद्धत समलिंगी आणि उभयलैंगिक पुरुषांबरोबर तपासली. १६२ जण, १६ आठवडे, चार गट. एका गटाला नेहमीचं वर्तनविचार (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्याचं) समुपदेशन, दुसऱ्याला बक्षीस योजना, तिसऱ्याला दोन्ही, आणि चौथ्याला खास समलिंगी पुरुषांच्या आयुष्याला धरून तयार केलेलं समुपदेशन. निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. नशा थांबवण्यात आणि रुग्ण टिकवून ठेवण्यात बक्षीस असलेले गट पुढे होते. पण धोक्याचे असुरक्षित संबंध सुरुवातीच्या आठवड्यांत सर्वांत झपाट्याने कमी झाले ते चौथ्या गटात, जिथे बोलणं या माणसांच्या भाषेत आणि त्यांच्या जगाबद्दल होत होतं. वर्षभराने पाहिलं तर चारही गटांतली सुधारणा बऱ्यापैकी टिकून होती आणि त्यांच्यातलं अंतर मिटलं होतं. बक्षिसाने सुरुवातीचे, सर्वांत निसरडे आठवडे सावरले, असा याचा अर्थ मी घेतो.

ती खोली

प्रॉप पुढे सॅन फ्रान्सिस्को एड्स फाउंडेशनच्या ‘स्टोनवॉल प्रोजेक्ट’चा भाग झाला. हा प्रकल्प १९९८ पासूनचा आणि हानी कमी करण्याच्या विचारावर उभा. म्हणजे इथे येण्यासाठी ‘मी कायमचं सोडतोय’ असं म्हणावं लागत नाही. कमी करायचंय, सुया स्वच्छ वापरायच्यात, निदान औषधं वेळेवर घ्यायचीत, असं काहीही घेऊन आलं तरी दार उघडं. संस्था एड्सच्या पहिल्या लाटेत, १९८२ मध्ये जन्मलेली. एचआयव्हीची तपासणी, औषधं, समुपदेशन सगळं एकाच छताखाली. काम करणाऱ्यांत स्वतः समलिंगी असलेली, यातून गेलेली माणसं.

याचा रोजच्या कामात काय फरक पडतो? सोमवारी नमुन्यात नशा सापडली आणि समोरच्याने विचारलं, ‘काय झालं रे शनिवारी?’ तर खरं उत्तर देता येतं. कोण भेटलं, मेसेजमधल्या कोणत्या शब्दावर पाय घसरला, तिथे पोचल्यावर नाही म्हणायला का जमलं नाही. पुढच्या शनिवारची योजना मग पूर्ण माहितीवर बेतता येते. माणूस आठवड्यातून तीनदा त्याच चेहऱ्यांना भेटत राहतो, आणि जिथे आपलं सगळं ठाऊक आहे अशी एक जागा त्याच्या आठवड्यात तयार होते. नशा सोडल्यामुळे ज्याचा कंपू जाणार होता त्याला हा दुसरा कंपू मिळतो. पुढे हा कार्यक्रम पुरुषांपुरता न ठेवता इतरांसाठीही खुला झाला.

आता सिएटल. तिथे पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या आणि मेथ वापरणाऱ्या १२७ पुरुषांवर बक्षीस योजनेची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. बारा आठवडे, स्वच्छ नमुन्याला व्हाउचर, सगळं ओळखीचं. पण जोडीला समुपदेशन नव्हतं. ज्यांना बक्षीस नव्हतं त्यांच्या तुलनेत बक्षीस मिळालेल्यांची नशा कमी झाली नाही. एका चाचणीवरून सिद्धान्त काढू नये हे मान्य, आणि सिएटलच्या चाचणीत इतरही फरक होते. तरीसुद्धा दोन डॉलरला एकट्याने एवढं काम जमत नाही, ही शंका मला या निकालाने पक्की केली. बक्षीस माणसाला परत परत दाराशी आणतं. आत बोलायला कुणी हवंच.

पैसे देण्याला विरोध

सुरुवातीपासून आक्षेप आले. करदात्यांचा पैसा नशेबाजांना? मिळालेल्या पैशांची नशाच घेतील! हे दुसरं म्हणणं तर योजनेतच निकालात काढलेलं आहे: रोख नाही, आणि घेतली की त्या दिवसाचं बक्षीस नाही, शिडीही पुन्हा पहिल्या पायरीपासून. पहिल्याचं उत्तर इतकंच की बारा आठवड्यांचा हा सगळा खर्च इस्पितळातल्या अगदी थोड्या दिवसांच्या बिलापुढेही किरकोळ आहे. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या आरोग्य खात्याने हाच हिशेब करून २०११ पासून आपल्या केंद्रांमध्ये ही पद्धत नेली.

खरी अडचण कायद्याची निघाली. रुग्णाला आमिष दाखवून सरकारी विम्याचे पैसे उकळू नयेत म्हणून तिथे कडक केंद्रीय नियम आहेत. त्यांच्या सावलीत केंद्रीय अनुदानातून एका रुग्णाला वर्षाला ७५ डॉलरपेक्षा जास्त बक्षीस देता येत नसे. वरचा हिशेब आठवला तर ७५ डॉलरमध्ये शिडीच्या जेमतेम सुरुवातीच्या पायऱ्या बसतात. त्यामुळे प्रॉपसारखे कार्यक्रम शहराच्या आणि देणगीच्या पैशांवर, लहान आकारात चालत राहिले. वीस वर्षं परिणाम माहीत असूनही उपचार पसरला नाही, त्याचं मोठं कारण हे. मला या गोष्टीचा संताप येतो, कारण त्याच काळात मेथमध्ये फेंटानिल हा अतितीव्र अफूवर्गीय पदार्थ मिसळू लागला आणि शहरात माणसं मरत गेली. २०२० या एका वर्षात सॅन फ्रान्सिस्कोत अतिसेवनाने सुमारे ७०० मृत्यू झाले.

सॅन फ्रान्सिस्कोतून कॅलिफोर्निया राज्याच्या सिनेटवर निवडून आलेले स्कॉट वीनर, जे स्वतः उघडपणे समलिंगी आहेत, त्यांनी राज्याच्या सरकारी विम्यातून हा उपचार मिळावा म्हणून विधेयक आणलं. दोन्ही सभागृहांत ते मंजूर झालं. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. आधी प्रायोगिक योजना पाहू, असं त्यांचं म्हणणं. प्रॉप नवा होता त्या काळात, २००४ पासून, सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर न्यूसमच होते. त्यांच्या शहरातला प्रयोग तोवर अठरा वर्षांचा झाला होता. पण प्रायोगिक योजनेला डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारची मान्यता मिळाली आणि गरिबांच्या सरकारी विम्यातून हा उपचार देणारं कॅलिफोर्निया पहिलं राज्य ठरलं. प्रत्यक्ष सुरुवात २०२३ मध्ये. २४ आठवडे, पहिलं बक्षीस १० डॉलर, वर्षाला कमाल ५९९. तेव्हा सहाशेला पोचलं की कराचे कागद भरावे लागत, म्हणून हा आकडा.

महाराष्ट्रात हे वाचताना

मुंबई-पुण्यातही पार्ट्यांमधून मेथ आणि तत्सम पदार्थ समलिंगी पुरुषांपर्यंत पोचले आहेत, हे या समुदायात काम करणाऱ्या कुणालाही सांगावं लागणार नाही. आपल्याकडे एड्स नियंत्रणाच्या लक्ष्यगट प्रकल्पांत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी वेगळा प्रकल्प आहे, तृतीयपंथीयांसाठी वेगळा, सुईने नशा करणाऱ्यांसाठी वेगळा. मेथ ओढणारा समलिंगी मुलगा पहिल्या ठिकाणी कंडोम आणि तपासणीपुरता मोजला जातो, तिसऱ्या ठिकाणी तो बसतच नाही. तरी मला वाटतं, सॅन फ्रान्सिस्कोसारखी खोली आपल्याकडे उभी राहायची असेल तर ती याच प्रकल्पांच्या ड्रॉप-इन सेंटरांतून, म्हणजे केव्हाही येऊन बसता येईल अशा जागांतून. तिथे विश्वास आधीपासून आहे. लघवीच्या तपासणीच्या पट्ट्या आणि एक प्रशिक्षित समुपदेशक ही मागणी अवाजवी नाही.

पोलिसांची भीती मात्र खरी आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ प्रमाणे सेवन हाच गुन्हा आहे. त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे, जे फारच कमी जणांना माहीत असतं. व्यसनी माणसाने सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले आणि ते पूर्ण केले, तर खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. समुपदेशकाने पहिल्याच भेटीत हे सांगायला हवं.

आपली व्यसनमुक्तीची रचना कुटुंबावर उभी आहे. दाखल करायला भाऊ, फॉलोअपला बायको, गटसभेला आई. महाराष्ट्रात या रचनेने हजारो घरं सावरली आहेत. पण ज्याच्या घरी तो समलिंगी असल्याचं माहीत नाही, किंवा माहीत असल्यामुळेच ज्याला घर राहिलेलं नाही, त्याच्यासाठी हीच रचना भिंत होते. त्याच्याबरोबर दवाखान्यात येतो तो जोडीदार, आणि ‘तुम्ही त्यांचे कोण?’ या प्रश्नाला तो ‘मित्र’ म्हणून गप्प बसतो.

यावर कायद्यात उत्तर आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक अवस्था ‘मानसिक आजार’ या व्याख्येत येतात. कलम १८ प्रमाणे लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येत नाही. आणि कलम १४ प्रमाणे कोणाही सज्ञान माणसाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत आपल्या बाजूने मदत करणारा माणूस, स्वतः नेमता येतो. तो नातेवाईकच असला पाहिजे अशी अट नाही. साध्या कागदावर नाव लिहून सही किंवा अंगठा पुरतो. नेमलेला माणूस सज्ञान असावा आणि त्याने लेखी संमती द्यावी. नेमणूक केव्हाही बदलता येते. केंद्रात दाखल होण्याआधी, माणूस शुद्धीत आणि शांत असताना हा कागद करून ठेवावा, आणि त्याची एक प्रत जोडीदाराकडे द्यावी.